तोंड बघून लावलेले पत्ते

सरायात आली की मला काही सुचत नाही. एप्रिल लागला की कुवेतच्या आभाळाला हे वेड लागतं. सकाळी सुलैबियाच्या खोलीतून निघताना सगळं बरं असतं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पश्चिमेकडून मातकट पिवळं काहीतरी उठतं. मग वारा, नाकातोंडात धूळ, चार टपोरे थेंब, तेही चिखलाचे, आणि तासाभरात सगळं गप्प. इथले लोक ह्या दिवसांना सरायात म्हणतात. आमच्या गुहागरकडे वळीव येतो तेव्हा माणसं अंगणात धावतात. इथे सरायात आली की दार लावून घ्यायचं आणि दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचा.

राई नावाच्या भागातल्या आमच्या गोदामाला तीन टॉवेल लागतात. ते भिजवायचे, पिळायचे, कोंबायचे आणि धूळ गेली की धुऊन वाळत टाकायचे, हे काम माझ्याकडे किती वर्षं आहे ते मी मोजायचं सोडलंय. खरं सांगतो, कंटाळा आलाय. गुडघे कुरकुरतात, डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही, आणि हा मातीचा वास नाकात गेला की सबंध दिवस डोकं जड राहतं. आज दुपारीही तेच झालं. टॉवेल कोंबून वळलो तर टेबलावर नव्या वर्षाचा खोका येऊन पडलेला. कात्रीनं पट्टी कापली, पहिलं पाकीट फोडलं, आणि आत कोण असावं? सरपंच! आता खेळायचा थांबलाय तो, पोट सुटलंय, तरी हा सोनेरी कडेत उभा.

हे सरपंच प्रकरण नीट सांगायला हवं. आमचा मुदीर, म्हणजे मालक, कुवेती. तरुणपणी अमेरिकेत शिकायला गेला होता. शिक्षण किती आणलं देव जाणे, पण बेसबॉलचं खूळ मात्र पुरेपूर आणलं. त्या खेळाच्या खेळाडूंचे पत्ते निघतात, आपल्या खेळायच्या पत्त्यांएवढेच, पुढे फोटो आणि मागे आकडे. मुदीर त्यांना कार्ड म्हणतो, आम्ही पत्ते म्हणतो. दर वर्षी नवा संच. अमेरिकेत शिकून आलेले कुवेती आणि इथे नोकरीला असलेले अमेरिकन ते घेतात. आम्ही पाकिटं फोडायची, पत्ते लावायचे, महाग असतील ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालायचे आणि बाकीचे शंभर-शंभरानं पिशवीत भरायचे. तो खेळ मी आजवर एकदाही पूर्ण पाहिलेला नाही. लाकडी मुसळासारखी बॅट आणि धावायला चौकोन, एवढं कळतं.

त्या वर्षी, म्हणजे ज्या सरायातीची आज मला सारखी आठवण होतेय त्या वर्षी, टेबलाच्या पलीकडे हमीदभाई बसायचे. श्रीवर्धनकडचे. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, शिडशिडीत, पांढरी दाढी, आणि बोलायला लागले की हात थांबायचा. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी इथल्या कापडबाजारात काढलेली. त्यामुळे एकदा पाहिलेला रंग आणि एकदा पाहिलेलं तोंड ते विसरत नसत. पत्त्यांवरची नावं असतात चमचमीत सोनेरी अक्षरांत. ट्यूबलाइटखाली ती वाचता वाचता डोळ्यांत पाणी येतं. म्हणून हमीदभाईंनी युक्ती काढली. सारखी सारखी जी तोंडं येतात त्यांना नावं ठेवून टाकली. हनुवटी वर करून काहीतरी चघळत उभा असतो तो सरपंच. गुळगुळीत दाढीचा, कालच हळद लागल्यासारखा दिसतो तो नवरदेव. एक घारा. एक मिशाळ. आणि काळ्यापांढऱ्या फोटोतले जुने लोक सगळे मिळून कैलासवासी.

"अहो, ते ख्रिश्चन असतील," मी म्हणायचो.

"गेला तो गेला," हमीदभाई म्हणायचे. "कैलासात काय पासपोर्ट बघतात?"

आमची पद्धत ठरलेली होती. पहिला हात तोंडावर, दुसरा हात नंबरावर. म्हणजे पाकीट फोडलं की आधी ओळखीची तोंडं उचलून बाजूला काढायची. हे विकले जाणारे. त्यांच्या त्यांच्या पेट्या. मग उरलेला गाळ मागच्या नंबराप्रमाणे लावायचा. ह्या पद्धतीनं आमचं काम इतकं झपाट्यानं व्हायचं की मुदीर इतरांना आमचं उदाहरण द्यायचा. आम्हीही फुशारक्या मारायचो. त्यात काय चूक असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

इतकी वर्षं हे पत्ते हाताखालून गेल्यावर माणसाला एक गोष्ट कळते. एका संचात चारशे माणसं असतील, पण खरी गर्दी आठ-दहा जणांचीच. सरपंच एकाच संचात किती वेळा यावा? एकदा साधा. एकदा सोनेरी कडेचा. एकदा त्याच्या सदऱ्याचा तुकडा चिकटवलेला. एकदा सही केलेला. एकदा पन्नास वर्षांपूर्वीच्या जुन्या नक्षीत बसवलेला, जणू तेव्हाही हा होताच. नवरदेव तर अजून धड खेळलाही नव्हता, पण पुढे मोठा होईल म्हणून आधीच त्याचे वीस प्रकार काढून ठेवलेले. कानामागून आला आणि तिखट झाला. त्यातले पुष्कळ नवरदेव दोन-तीन वर्षांनी दिसेनासे होतात, तेव्हा मुदीर त्यांच्या पेट्या माझ्याकडे सरकवतो आणि म्हणतो, पिशवीत भर. आणि कैलासवासी? त्यांना तर मरणच नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते ह्या धंद्यात शब्दशः खरं आहे.

मी मुदीरला एकदा विचारलं होतं की हे कोण ठरवतं. तो हसला. म्हणाला, लोक ज्याला ओळखतात त्यालाच विकत घेतात, आणि ज्याला विकत घेतात त्यालाच कंपनी पुन्हा छापते, आणि पुन्हा छापला की लोक त्याला आणखी ओळखतात. मोठ्या शहराचा संघ असला तर विचारूच नका. मी म्हटलं, बरोबर. आपल्या इथल्या मंडळाच्या गणपतीत तरी काय वेगळं आहे? समई पेटवताना तेच चौघे, बक्षीस देताना तेच चौघे, पत्रिकेवर फोटो त्याच चौघांचे. दीडशे माणसांचा भात शिजवणारा मागे कुठेतरी घाम पुसत उभा असतो. हे मी रागानं म्हणतोय असं नाही. तो भात शिजवणारा कधीकधी मीच असतो, आणि फोटोत यायला बोलावलं तरी मला उठायचा आळस असतो.

तर ती सरायात. दुपारची वेळ, मी टॉवेल कोंबत होतो, आणि कुणीतरी बाहेरून दार ढकललं. दार उघडलं तर एक गोरी बाई. पासष्टीच्या घरातली, उंच, केसांवर ओढणी गुंडाळलेली आणि भुवयांवर धुळीचा थर. इथल्या एका इंग्रजी शाळेत लायब्ररी सांभाळायच्या त्या. मुदीरच्या दुकानाचा दरवाजा समोरच्या रस्त्यावर, ह्या वादळात वाट चुकून मागे गोदामाकडे आलेल्या. हमीदभाईंनी त्यांना खुर्ची दिली, स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. आम्ही सगळे त्यांना मॅडमच म्हणायचो.

मॅडमनी पर्समधून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर एक वर्ष, २७३ हा आकडा आणि डॅनी हे नाव. डॅनी त्यांचा मुलगा. बेसबॉल खेळायचा. आपल्याकडे विकेटकीपर बसतो तसा मागे बसून चेंडू झेलणारा. उभी हयात लहानसहान गावांच्या संघांतून बसगाड्यांतून फिरला आणि एका वर्षी मोठ्या संघातला कोणीतरी जायबंदी झाला म्हणून अकरा सामने वर खेळला. त्या अकरा सामन्यांवर त्याचा एक पत्ता निघाला. जन्मात एकच. दोन वर्षांपूर्वी तो आजारात गेला. चाळिशीही गाठली नव्हती.

"घरात एक पत्ता होता," मॅडम म्हणाल्या. हमीदभाईंना समजावं म्हणून त्या अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या. "तो मी शवपेटीत त्याच्या खिशात ठेवला. मला वाटलं, दुसरा कुठंही मिळेल. त्या दिवशी तसंच वाटलं."

आणि मिळेना. सगळीकडे शोधून झालं होतं त्यांचं. सरपंचाचे हवे तेवढे मिळतात, पण ज्या पत्त्यात टपालखर्चही सुटत नाही तो विकायला कोण मांडणार? मग त्यांच्या शाळेत कुणीतरी सांगितलं की राईत एका दुकानात त्या वर्षाचे खोकेच्या खोके पडून आहेत. शाळा जूनमध्ये संपली की त्या कुवेत सोडून कायमच्या परत जाणार होत्या. त्याआधी एक पत्ता हवा होता, बस.

"कसा दिसतो तो पत्त्यावर?" मी विचारलं.

"गुडघ्यावर बसलाय. तोंडावर जाळी आहे, चेहरा नाही दिसत. पण डावा खांदा खाली पडलेला. लहानपणापासून तसाच बसायचा," त्या म्हणाल्या आणि खुर्चीतच खांदा पाडून दाखवला.

हमीदभाईंनी छातीवर हात ठेवला. "मॅडम, आय फाइंड. माय वर्ड." मी मनात म्हटलं, झालं! आता ह्यांनी जबान दिली म्हणजे मला बसावं लागणार. हमीदभाईंचाही इथला मुक्काम संपत आला होता. मेच्या मध्यात इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कॅन्सल करून ते कायमचे गावी जाणार होते. जाण्याआधी एवढं एक काम करून जातो, असं ते त्या दिवसापासून रोज म्हणायचे.

चिठ्ठीवरच्या वर्षाच्या गाळाचे अकरा खोके होते. सगळे नंबराप्रमाणे लावलेले, म्हणजे दोनशे बहात्तरच्या पुढे हात घातला की काम झालं. पहिला खोका काढला. दोनशे बहात्तर, दोनशे चौऱ्याहत्तर. मधला नाही. दुसरा खोका. नाही. तिसऱ्यातही नाही. ओळखीची तोंडं सोडून बाकी सगळे नंबर दहा-दहा, पंधरा-पंधरा आणि हा एकच नाही. मग आम्हाला वाटलं चुकून इकडेतिकडे लागला असेल. म्हणून अकराही खोके पहिल्यापासून एकेक पत्ता करून पाहिले. रोजचं काम उरकून, मुदीर शुक्रवारी खैरानला समुद्रावर गेला की त्याच्या सुट्टीत, आम्ही दोघं डोळे फोडत बसलेले. बाहेर सरायात येतेय, जातेय. खांदा पाडून बसलेला एक माणूस शोधायचा, आणि पत्त्यामागून पत्ते, सगळे ताठ उभे.

तीन आठवडे गेले. माझ्या बोटांची कातडी गुळगुळीत झाली होती. तेव्हा हमीदभाई एकदा हात थांबवून म्हणाले, "वसंता, अकरा खोक्यांत एक नंबर एकदाही नसावा? छापलाच नसता तर बाईकडे कुठून आला? पहिल्या हातात गेला असेल रे तो. आपण मोठ्यांच्या पेट्या बघूया."

आणि मी नाही म्हणालो. हे मला सांगायचंय. मोठ्यांच्या पेट्या वर माळ्यावर होत्या, बहुतेक पत्ते पाकिटात घातलेले, शिडी लावून उतरवायच्या, एकेक पाकीट बघायचं, पुन्हा चढवायच्या. माझे गुडघे दुखत होते, जेवण झालेलं नव्हतं, आणि मला त्या पत्त्याचा, त्या बाईचा, हमीदभाईंच्या जबानीचा, सगळ्याचाच वीट आला होता. मी म्हटलं, "अहो, तिथं सगळी ओळखीची तोंडं. सरपंचाच्या पेटीत हा कशाला जाईल? ह्याला कुत्रं ओळखत नाही."

हमीदभाईंनी माळ्याकडे बघितलं आणि पुन्हा खोक्यात हात घातला. त्यांना शिडीवर चढणं जमत नव्हतं, नाहीतर ते स्वतःच चढले असते. ते मला माहीत होतं. तरीही मी उठलो नाही.

मेमध्ये ते गेले. विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. दोन बॅगा, एक दोरीनं बांधलेला खोका, नवा शर्ट. इतकी वर्षं इथं काढलेला माणूस, पण रडले बिडले नाहीत. आत जाताना वळून म्हणाले, "बाईला मी तोंड न दाखवता चाललोय. तू बघ हां." मी मान डोलावली. मान डोलावणं सोपं असतं.

दर शुक्रवारी नमाजानंतर त्यांचा फोन यायचा. तिकडे नारळाला पाणी सोडल्याचं सांगायचे, नातीनं काय केलं ते सांगायचे, आणि मग हळूच, "सापडला काय रे?" मी म्हणायचो, बघतोय. खोटं बोलायचो. त्यांच्या जागी टेबलापलीकडे रिकामी खुर्ची होती आणि मी सरपंचाला, घाऱ्याला, मिशाळाला रोजच्यासारखा वेगळा काढत बसलेला होतो. तिकडे मॅडम दर आठवड्याला एकदा दुकानात येऊन जायच्या. रागावायच्या नाहीत. विचारायच्या, आणि नाही म्हटलं की "थँक यू" म्हणून जायच्या. ते थँक यू मला डाचायचं.

आता मागे वळून बघताना वाटतं, माझा त्या पत्त्यावर थोडा रागच असावा. घरी आमच्याकडे दोन आल्बम आहेत. मुलीचं बारसं, तिचा पहिला गणवेश, तिचं दहावीचं पेढे वाटणं, तिच्या काकाबरोबर, मामाबरोबर, शेजारच्या माणसांबरोबर. मामा तर पानोपानी. मी दोन वर्षांतून एकदा, महिनाभर, नव्या शर्टात, पाहुण्यासारखा हसत. मागे एकदा सुट्टीवर असताना मुलीचा लहानगा तो आल्बम बघत होता. एका फोटोवर बोट ठेवून त्यानं विचारलं, हे कोण? आमची बायको पटकन म्हणाली, "अरे आजोबा ते! बाजूला बसलेत बघ." त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. पण मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणजे अकरा सामने काय असतात ते मला कळत होतं. आणि कळत होतं म्हणूनच मी शिडी लावत नव्हतो की काय, कोण जाणे. स्वतःचा आळस माणूस कितीही मोठा करून सांगू शकतो.

जूनचा दुसरा शुक्रवार. हमीदभाईंनी फोनवर विचारलंच नाही. नारळ सांगितले, नात सांगितली, आणि म्हणाले, "चल, ठेवतो." मी म्हटलं, "विचारत नाही आज?" ते म्हणाले, "नको रे. तुला त्रास होतो."

मी फोन ठेवला आणि शिडी लावली. सरपंचाच्या त्या वर्षीच्या पेट्या चार होत्या. पहिली उतरवली, त्यात सोनेरी कडेचे. दुसरीत सह्यांचे. तिसरीत साधे, आणि त्या साध्यांमध्ये एक जाडसर गठ्ठा रबराने बांधलेला. वर कागदाची चिठ्ठी आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: सरपंच घसरताना.

रबर काढलं. फोटोत धुळीचा लोट आणि त्यातून सरपंच पाय पुढे टाकून घसरत येतोय, हनुवटी वर, तोंड अगदी स्वच्छ दिसतंय. आणि त्याच्यासमोर, त्याला अडवायला, एक जण गुडघ्यावर. तोंडावर जाळी. डावा खांदा खाली पडलेला. मी पत्ता उलटा केला. दोनशे त्र्याहत्तर. पुढे फोटोखाली सोनेरी अक्षरांत नाव, तेही सरपंचाचं नव्हतं. इतकी वर्षं मी ते वाचलंच नव्हतं. एकेक करून मोजले, चौतीस निघाले. चौतीस वेळा त्या माणसाचा पत्ता माझ्या हातात आला होता आणि चौतीस वेळा मी तो दुसऱ्याच्या पेटीत टाकला होता. जन्मात एक पत्ता मिळाला बिचाऱ्याला आणि त्यावरही सरपंच येऊन बसला. मी तिथं शिडीच्या पायरीवरच बसलो. मला फार लाज वाटली.

हमीदभाईंना लगेच फोन लावला. ते आधी हसले. मग म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण पहिल्या हाताची पद्धत माझी, वसंता. चूक माझीपण." मी म्हटलं, "तुम्ही पेटी बघूया म्हणालेलात." ते म्हणाले, "ते राहू दे. बाई गेली काय?"

बाई रविवारी जाणार होत्या. शनिवारी सकाळी मुदीर खैरानहून आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं, कारण ते पत्ते आम्ही सरपंचाचे म्हणून काही गिऱ्हाइकांना दिलेही होते. त्यानं गठ्ठा हातात घेतला, एक पत्ता निरखला, मग गठ्ठा परत माझ्या हातात ठेवला. "खुद," म्हणाला, "कुल्लू." घेऊन जा, सगळे. आणि वर स्वतःच्या गाडीची किल्ली ड्रायव्हरकडे टाकली, ह्याला सालमियाला, मॅडमकडे सोड म्हणून.

मॅडमच्या घरात काही उरलं नव्हतं. खोके बांधून भिंतीला लावलेले, पडदे काढलेले, जमिनीवर एक गादी आणि खिडकीत एक टेबल. बाहेर उन्हानं सगळं पांढरं पडलेलं. मी दारातच रबर लावलेला गठ्ठा पुढे केला. काय बोलायचं ते वाटेत इंग्रजीत जुळवलं होतं, ते ऐन वेळी विसरलो. त्यांनी गठ्ठ्यावरचा पहिला पत्ता बघितला आणि दाराच्या चौकटीला धरलं. मग मला आत बोलावलं आणि पाणी दिलं. पाणी सांडलं थोडं.

"एवढे?" त्या म्हणाल्या.

"सगळे तुमचे. मुदीरनी दिले."

त्यांनी टेबलावर एकेक पत्ता मांडायला सुरुवात केली. टेबल पुरेना, म्हणून जमिनीवर मांडले. ओळीनं, सरळ, शाळेतली पुस्तकं लावत असतील तसे. चौतीस वेळा तोच मुलगा गुडघ्यावर बसलेला, खांदा पाडून. त्या मध्ये बसून एकदा ह्या ओळीकडे बघत होत्या, एकदा त्या ओळीकडे. मी उभाच होतो. बसायला जागा नव्हती आणि असती तरी मी बसलो नसतो.

मग मला राहवलं नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, मॅडम, माझी चूक. दोन महिने हे आमच्याच माळ्यावर होते. हमीदभाई म्हणाले होते बघ, मी दमलो होतो, मी बघितलं नाही. आम्ही तोंड बघून पत्ते लावतो, म्हणून हे दुसऱ्याच्या पेटीत गेले.

"कुणाच्या?" त्यांनी विचारलं.

मी वाकून एक पत्ता उचलला आणि सरपंचाच्या तोंडावर बोट ठेवलं. "ह्याच्या."

मॅडमनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. पत्ता माझ्या हातातून घेऊन खिडकीच्या उजेडात धरला. कपाळाला आठी पडली. तो ठेवून त्यांनी दुसरा उचलला, मग तिसरा, जणू तिथंही तो माणूस आहे का ते त्यांना तपासायचं होतं. मग माझ्याकडे बघून, खरोखरच नवल वाटून, त्या म्हणाल्या, "हा ह्यात कधी आला?"